सिलेक्टिव्ह परीक्षेचं लेखन संगणकावर: सिडनीतल्या एका मुलीची तयारी

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात सातवीच्या प्रवेशासाठी सहावीतली मुलं सिलेक्टिव्ह हायस्कूलची, म्हणजे परीक्षेतून निवडून मुलं घेणाऱ्या सरकारी शाळांची, परीक्षा देतात. २०२५ पासून ती कागदाऐवजी संगणकावर होते. तिचे चार भाग आहेत: वाचन ४५ मिनिटं, गणिती तर्क ४०, विचारकौशल्य ४० आणि लेखन ३०. चारही भागांना सारखंच वजन, प्रत्येकी २५ टक्के. राज्यभरात जागा चार हजारांहून थोड्या जास्त आणि अर्ज त्याच्या चौपट. पहिल्या तीन भागांत पर्याय दिलेले असतात, माऊसने निवडायचे असतात, त्यामुळे कागद गेला तरी मुलांचं फारसं अडत नाही. लेखनात मात्र सगळा मजकूर टाइप करायचा असतो. प्रश्न एकच, पर्याय नाही, आणि शब्दाखाली लाल रेघ ओढणारा स्पेलचेकर मदतीला नसतो.

वेंटवर्थव्हिल, पेंडल हिल, गिरावीन या पश्चिम सिडनीच्या पट्ट्यात मराठी घरं बरीच आहेत आणि त्यांतल्या अनेक घरांत या परीक्षेचा विषय मूल चौथीत असतानाच निघतो. तेव्हा जी ऑपॉर्च्युनिटी क्लासची, म्हणजे हुशार मुलांसाठीच्या पाचवी-सहावीच्या खास वर्गांची, परीक्षा असते तिच्यात लेखन नसतं. त्यामुळे गणित आणि विचारकौशल्याची शिकवणी दोन-तीन वर्षं चालते, आणि लेखनाकडे लक्ष जातं ते सहावीचं वर्ष तोंडावर आल्यावर. पुढचं प्रकरण अशाच घरातल्या एका मुलीचं आहे. सांगायला सोपं जावं म्हणून ते एकीचं म्हणून मांडलं आहे, पण ते अनेक मुलांच्या तयारीतून बांधलेलं प्रातिनिधिक प्रकरण आहे. त्यातले आकडेही तसेच घ्यावेत.

सुरुवातीची स्थिती

पाचवीचं चौथं सत्र, ऑक्टोबर महिना. परीक्षा मे महिन्यात, म्हणजे हाताशी सात महिने, आणि त्यातले सहा आठवडे तिथल्या डिसेंबर-जानेवारीतल्या उन्हाळी सुट्टीचे. घरात मराठी बोललं जातं. मुलगी इंग्रजी पुस्तकं भरपूर वाचते आणि शाळेच्या प्रगतिपुस्तकात लेखनाचा शेरा चांगला असतो. आईबाबांची तक्रार एवढीच: "लिहिते छान हो, पण वेळेत होतच नाही." घरी टॅबलेट आहे. लॅपटॉप बाबांच्या कामाचा, तो तिच्या हाती क्वचितच येतो.

तयारी ठरवण्याआधी तीन वेगवेगळ्या दिवशी तीन मोजमापं घेतली. एका प्रश्नावर ३० मिनिटं हाताने लेखन. तशाच दुसऱ्या प्रश्नावर ३० मिनिटं संगणकावर लेखन, पडद्याचं रेकॉर्डिंग चालू ठेवून. आणि तिसऱ्या दिवशी छापील परिच्छेद समोर ठेवून पाच मिनिटं नुसतं बघून टाइप करणं.

हाताने सुमारे ३४० शब्द झाले आणि गोष्ट पूर्ण झाली. संगणकावर १९० शब्द, शेवट नाही, अखेरचं वाक्य अर्धवट. बघून टाइप करण्याचा वेग मिनिटाला १८ शब्द.

पालकांचं लक्ष १९० वर खिळलं. खरं बघायचा होता तो १८ चा आकडा. बघून १८ शब्द टाइप करणारी मुलगी स्वतःचं लिहिताना मिनिटाला जेमतेम ६-७ शब्दांवर आली होती. स्वतः रचताना वेग थोडा उतरतो, ते सगळ्यांचंच होतं. पण निम्म्याहून खाली घसरला, तर विचार आणि बोटं एकमेकांच्या वाटेत येत आहेत असं समजावं.

रेकॉर्डिंगमध्ये ते उघड दिसलं. मुलगी दोन बोटांनी, नजर कीबोर्डवर ठेवून टाइप करत होती. सात-आठ शब्द झाले की मान वर करायची, मागे कुठेतरी चूक दिसायची, मग बॅकस्पेस दाबून धरायची. चुकीच्या अक्षरासोबत पुढचे पाच चांगले शब्दही पुसले जायचे आणि ते पुन्हा आठवून टाइप करावे लागायचे. पहिल्या परिच्छेदालाच ११ मिनिटं गेली, कारण पहिलं वाक्य ती सारखं बदलत होती. कागदावर खाडाखोड घाण दिसते म्हणून मुलं पुढे सरकतात. पडद्यावर पुसलेलं दिसतच नाही, म्हणून पुसण्याला अंत राहत नाही.

आणखी एक गोष्ट टॅबलेटने झाकून ठेवली होती. तिथे वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल होतं, एकटा 'आय' मोठा होतो, 'डोन्ट' मधला ॲपॉस्ट्रॉफी आपोआप पडतो, दोनदा स्पेस दिली की पूर्णविराम येतो. खऱ्या कीबोर्डवर हे सगळं तिच्या बोटांनी करायचं होतं, आणि बोटांना ते माहीतच नव्हतं. कॅपिटलसाठी ती कॅप्स लॉक दाबायची, तो बंद करायला विसरायची आणि अर्धी ओळ मोठ्या अक्षरांत यायची. संवादाच्या अवतरणचिन्हासाठी शिफ्ट आणि एंटरशेजारची कळ एकत्र दाबायची असते. ती कळ शोधायला दर वेळी चार-पाच सेकंद, म्हणून तिने संवाद लिहिणंच सोडून दिलं होतं. हाताने लिहिलेल्या गोष्टीत मात्र संवाद भरपूर होते.

टाइपिंग वेगळं, लेखन वेगळं

पहिले आठ आठवडे संगणकावर वेळ लावून एकही निबंध घेतला नाही. घरच्यांना हा वेळ वाया जातोय असं वाटलं, पण ज्याची बोटं कळा शोधतायत त्याच्याकडून रोज निबंध लिहून घेतला तर शोधायचीच सवय पक्की होते. टाइपिंग रोज १२ ते १५ मिनिटं, शाळेतून आल्यावर. लेखन आठवड्यातून दोनदा, कागदावर.

टाइपिंगचा क्रम साधा होता. आधी मधली ओळ, म्हणजे डाव्या हाताखाली ए, एस, डी, एफ आणि उजव्या हाताखाली जे, के, एल, सेमीकोलन. एफ आणि जे या कळांवर छोटी उंचवट्याची रेघ असते, ती बोटांनी चाचपून हात जागेवर आणायचे. मग वरची ओळ, मग खालची. तिसऱ्या आठवड्यापासून हातांवर पातळ टॉवेल टाकला, कारण बघू नको म्हटलं तरी नजर जातेच. वेगाकडे लक्ष द्यायचं नाही, १०० पैकी ९५ अक्षरं बरोबर आल्याशिवाय पुढचा धडा नाही. दोन-तीन आठवडे वेग आधीपेक्षाही खाली जातो, १८ वरून १२-१३ वर. बहुतेक घरांत नेमकं इथेच हे बंद पडतं आणि मूल परत दोन बोटांवर येतं. ही घसरण होणारच, असं पालकांना आधी सांगून ठेवावं.

पाचव्या आठवड्यापासून सरावात फक्त विरामचिन्हं घेतली: संवादाच्या दहा ओळी, त्यांत अवतरणचिन्हं, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, ॲपॉस्ट्रॉफी. कॅपिटलसाठी नियम एकच: अक्षर ज्या हाताने दाबायचं त्याच्या विरुद्ध हाताची शिफ्ट. कॅप्स लॉकच्या कळेवर चिकटपट्टी लावली.

वेग किती हवा, याचं गणित सोपं आहे. ३० मिनिटांतली ४ आखणीला, ४ तपासणीला, उरली २२. स्वतः रचत मिनिटाला १५ शब्द पडले तरी ३३० शब्द होतात, आणि या परीक्षेला तेवढे पुरतात. बघून टाइप करण्याचा वेग २५-३० वर आला की रचतानाचा १५ वर येतो. त्यापुढे वेग वाढवण्यात वेळ घालवू नये. ५० शब्दांचा वेग असलेली मुलं ६०० शब्द लिहितात आणि त्यातले ३०० नको असतात.

सरावाचं साधनही नीट निवडावं लागतं. "नोटपॅड वापरा, त्यात काही नसतं" हा सल्ला आता जुना झाला. विंडोज ११ च्या नोटपॅडमध्ये २०२४ पासून स्पेलचेक आणि ऑटोकरेक्ट आले आहेत, ते सेटिंग्जमधून बंद करावे लागतात. गूगल डॉक्समध्ये टूल्सखाली जाऊन स्पेलिंग आणि ग्रामरच्या सूचना काढाव्यात, प्रेफरन्सेसमध्ये आपोआप कॅपिटल करण्याची खूणही काढावी. तरी शब्दाखाली लाल रेघ येत असेल तर ती ब्राउझरची असते, ती त्याच्या भाषेच्या सेटिंगमधून बंद होते. लॅपटॉपला स्वस्तातला यूएसबी कीबोर्ड आणि माऊस जोडला. टचपॅडवर तळवा घासून कर्सर भलत्याच ओळीत उडी मारतो आणि वाक्याच्या मधोमध दुसरं वाक्य घुसतं. कीबोर्डची मांडणी यूएस आहे ना, हेही बघावं. यूके मांडणीत दुहेरी अवतरणचिन्ह आणि ॲटचं चिन्ह यांच्या जागा बदललेल्या असतात.

डिसेंबरात कुटुंब पाच आठवडे पुण्याला जाणार होतं. अशा फेरीत मोठ्या लेखनाचा आग्रह धरला नाही. कीबोर्ड बॅगेत घातला आणि रोजची १२ मिनिटं आजीच्या घरी चालू ठेवली. लग्न आणि प्रवासाचे दिवस सोडले तर बाकी दिवशी ती झाली. बोटांची सवय नवी असताना पाच आठवडे सलग सुटली, तर फेब्रुवारीत पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

विचारलं काय आणि लिहिलं काय

कागदावरच्या लेखनात एक वेगळाच दोष निघाला, आणि तो टाइपिंगपेक्षा महाग पडणारा होता. प्रश्न असा होता: पुढच्या वर्षी तुमच्या शाळेत येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांसाठी सल्लापत्रक लिहा, पहिल्या आठवड्यात काय अवघड जातं आणि त्यावर काय करावं ते सांगा. मुलीने पहिल्या दिवशी शाळेत हरवलेल्या मुलाची गोष्ट लिहिली. गोष्ट सुरेख होती. वादळाच्या वर्णनाने सुरू होत होती, कारण आधीच्या शिकवणीत वादळ, जुनं घर आणि आजोबांचं घड्याळ अशा तीन गोष्टी पाठ करून घेतल्या होत्या आणि कुठलाही प्रश्न आला तरी त्यांतली एक बसवायची असं शिकवलं होतं.

या परीक्षेत गोष्टच येईल असं नसतं. पत्र, रोजनिशी, भाषण, बातमी, सल्लापत्रक, परीक्षण, काहीही येऊ शकतं. गुण देताना एका बाजूला मजकूर, रूप, मांडणी आणि शैली पाहतात, दुसऱ्या बाजूला वाक्यरचना, विरामचिन्हं, स्पेलिंग, शब्दसंपदा. पहिल्या बाजूचं वजन जास्त. सल्लापत्रकाऐवजी गोष्ट दिली की रूपाचे गुण जातात आणि मजकुराचेही, कारण वाचणाऱ्याला सल्ला मिळालेलाच नसतो. पाठ केलेला तुकडा तर ओळखूच येतो: पहिल्या परिच्छेदातलं इंग्रजी आणि तिसऱ्यातलं इंग्रजी दोन वेगळ्या माणसांचं वाटतं. तयार गोष्टी पाठ करून घेणं हे या तयारीतलं सर्वात नुकसान करणारं काम आहे असं आमचं स्पष्ट मत आहे. पैसे घालवून मुलाची प्रश्न वाचायची सवय मोडली जाते.

त्यावर उपाय म्हणून प्रश्न वाचला की कच्च्या कागदावर चार गोष्टी लिहायच्या असं ठरवलं: कोण लिहितंय, कोणाला, कशासाठी, कोणत्या रूपात. त्याखाली आखणी, जास्तीत जास्त सहा ओळी, पूर्ण वाक्यं नाहीत. वरच्याच प्रश्नावर तिने पुढे केलेली आखणी अशी होती:

सहावीची मुलगी → नवी मुलं, धीर + उपयोग, सल्लापत्रक
शीर्षक + एक ओळ: सगळेच गोंधळतात
वर्ग सापडत नाही → १० मिनिटं लवकर, नकाशा डबीत
डबा एकटीने खाणं → ग्रंथालय, मंगळवारी बुद्धिबळ
वस्तू हरवणं → नाव, ऑफिसजवळची पेटी
शेवट: कोणाला विचारायचं, कुठे भेटेल

मंगळवारचं बुद्धिबळ आणि ऑफिसजवळची पेटी या तपशिलांनी हे पत्रक खऱ्या शाळेचं वाटतं. 'आत्मविश्वास ठेवा, मेहनत करा' असा सल्ला कोणत्याही शाळेला चालतो आणि म्हणून कोणाच्याच उपयोगाचा नसतो. दर मुद्द्यापुढे एक नाव, वस्तू, वार किंवा आकडा असावा एवढाच आग्रह धरला. जड शब्दांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा याने लेखन जास्त सुधारतं.

आखणी उत्तराच्या चौकटीत टाइप करायची नाही. घाईत ती पुसायची राहते आणि उत्तराच्या डोक्यावर तशीच जाते.

तीस मिनिटांची वाटणी

फेब्रुवारीपासून सगळं संगणकावर आलं, आठवड्यातून दोन प्रश्न. पडद्यावरचं घड्याळ उरलेला वेळ दाखवतं, म्हणून घरचा टायमरही उलटा मोजणारा घेतला. झालेली आणि उरलेली मिनिटं यांत मुलं हमखास घोळ घालतात. चार आकडे पाठ करून घेतले. २६ उरली असताना टाइप करायला सुरुवात. १५ ला निम्मा मजकूर झालेला. ८ ला, कुठेही असलो तरी, शेवटच्या परिच्छेदाकडे वळायचं. ४ ला थांबायचं आणि तपासायचं. एरवी घड्याळाकडे बघायचं नाही.

८ चा नियम पाळायला सर्वात जड गेला. मुद्दा अर्धवट टाकून शेवटाकडे जायचं मुलांना पटत नाही. त्यासाठी संगणकाचाच फायदा घेतला: आखणी झाली की शेवटचं वाक्य आधी टाइप करून टाकायचं, त्यावर पाच-सहा वेळा एंटर, आणि मग वरून लिहायला लागायचं. वेळ संपला तरी लेखनाला शेवट राहतो. पत्र, भाषण, सल्लापत्रक यांना ही युक्ती छान बसते. गोष्टीला बसत नाही. गोष्ट लिहिता लिहिता वळते आणि खाली वाट बघत असलेलं वाक्य तिला खोटं पाडतं, म्हणून गोष्टीत शेवटाची नुसती आखणीतली ओळ पुरे.

पुसण्यावर बंधन घातलं: चालू वाक्य पूर्ण होईपर्यंत मागे जायचं नाही. वाक्य संपलं की एकदाच त्यावर नजर, एक दुरुस्ती, पुढे. स्पेलिंगची शंका आली तर शब्द तसाच टाकायचा आणि पुढे x अक्षर ठोकायचं, तपासणीत शोधून काढायचं. हे काही आठवडे छान चाललं, मग एका सरावात तीन x तसेच राहिले. तेव्हा ती खूण बंद केली आणि शंका येईल तिथे माहीत असलेला सोपा शब्द वापरायचा असं ठरलं. काही मुलांना खूण जमते. या मुलीला जमली नाही.

परिच्छेदासाठी टॅब दाबायची नाही. बऱ्याच ब्राउझरमधल्या चौकटींत टॅब दाबली की कर्सर चौकटीबाहेर जातो, आणि मूल टाइप करत राहतं तेव्हा पडद्यावर काहीच उमटत नाही. दोनदा एंटर, एवढंच. ठळक अक्षरं, रंग यांचा विचारही नको. शीर्षक वेगळ्या ओळीवर आलं की झालं. सगळा मजकूर चुकून निवडला जाऊन एका कळेने गायब होणं हा अपघात दुर्मीळ नाही. कंट्रोल आणि झेड दाबून तो परत येतो, हे मुद्दाम दोनदा घडवून दाखवलं. माहीत असलेलं मूल तीन सेकंदांत सावरतं, नसलेलं रडायला लागतं.

तपासणीची चार मिनिटं 'एकदा वाचून काढ' म्हणून दिली तर काही हाती लागत नाही. स्वतःचा मजकूर डोळे गृहीत धरून पुढे जातात. एका फेरीत एकच गोष्ट शोधायची. पहिली फेरी वाक्यांच्या टोकांची: कॅपिटल, पूर्णविराम, अवतरणचिन्हं. ही खालून वर करायची, म्हणजे अर्थात गुंतायला होत नाही. दुसरी फेरी क्रियापदांची. मराठी घरांतल्या मुलांच्या इंग्रजीत दोन चुका वारंवार दिसतात. एक, भूतकाळात सुरू झालेली गोष्ट रंगात आली की वर्तमानकाळात शिरते, कारण मराठीत आपण तशाच सांगतो: राजा गेला, आणि बघतो तर काय. दुसरी, नामाआधीचं 'द' किंवा 'अ' गळणं, कारण मराठीला त्यांची गरज नाही. हे मुलीला एकदा समजावून सांगितल्यावर तिला त्या चुका स्वतःच सापडायला लागल्या. नुसतं लाल शाईने दुरुस्त करून दिलं तेव्हा त्या परत येत होत्या. वेळ उरलाच तर तिसरी फेरी: प्रश्न पुन्हा वाचून, मागितलेलं सगळं दिलंय का ते बघणं.

शेवटचे सहा आठवडे

लेखन येतं ते बाकीच्या तीन भागांनंतर. ताज्या डोक्याने शनिवारी सकाळी केलेला सराव त्यामुळे फसवा असतो. मार्चअखेरीपासून आठवड्यातला एक लेखनसराव ४० मिनिटांच्या विचारकौशल्याच्या पेपरनंतर लगेच ठेवला. पहिल्याच वेळी शब्द ३१० वरून २४० वर आले आणि तपासणी राहून गेली. तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत आकडा २९० च्या आसपास स्थिरावला. राज्याच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर संगणकावरच्या परीक्षेचा नमुना आहे, तो इथे दोनदा करून घेतला. बटणं कुठे आहेत, घड्याळ कुठे दिसतं, हे परीक्षेच्या दिवशी शोधायला नको. एक सराव मुद्दाम वाचनालयातल्या अनोळखी संगणकावर घेतला, आजूबाजूला लोक आणि कळांचा आवाज असताना. तिथल्या कळा जड होत्या आणि तिचा वेग पहिली पाच मिनिटं कोलमडला. अनोळखी कीबोर्ड आला की उत्तर सुरू करण्याआधी चौकटीत एक ओळ टाइप करून पाहायची, अवतरणचिन्ह आणि ॲपॉस्ट्रॉफी नीट पडतात ना ते बघायचं आणि ओळ पुसून टाकायची, असं त्या दिवशी ठरलं.

एप्रिलअखेरीस मोजमापं पुन्हा घेतली. बघून टाइप करण्याचा वेग २९, स्वतः रचताना १४ ते १६. ३० मिनिटांत ३०० ते ३३० शब्द, शेवट प्रत्येक वेळी पूर्ण, सल्लापत्रकाला सल्लापत्रक आणि भाषणाला भाषण. संवादातली विरामचिन्हं शेवटपर्यंत डळमळीत राहिली, विशेषतः वाक्य मध्ये तोडून 'ती म्हणाली' घालताना. उरलेल्या वेळात ते पक्कं होणार नव्हतं, म्हणून संवाद कमी आणि छोटे ठेवायचे, 'ती म्हणाली' नेहमी शेवटी घालायचं, असा सोयीचा मार्ग काढला. परीक्षेआधीच्या आठवड्यात नवीन प्रश्न दिले नाहीत. फक्त आखण्या, रोज एक, चार मिनिटांत, वेगवेगळ्या रूपांच्या.

या परीक्षेच्या निकालात गुण कळत नाहीत. प्रत्येक भागासाठी मूल कोणत्या गटात बसतं तेवढं दिसतं: वरचे १० टक्के, पुढचे १५, त्यापुढचे २५, की उरलेले ५०. वादळाच्या गोष्टीने मूल खाली गेलं की राहिलेल्या शेवटाने, हे त्यातून समजत नाही. मागे धाकटं भावंड असेल तर सरावाचे रेकॉर्डिंग आणि आखणीचे कागद जपून ठेवावेत, आणि टाइपिंगची १२ मिनिटं त्याच्याकडून चौथीतच सुरू करून घ्यावीत.